दोन कॅमेऱ्यांची पेटी

माझ्या धाकट्या बहिणीनं दीक्षा घेतली त्या हिवाळ्यात मी महिनाभर एकाच प्रश्नावर डोकं शिणवत होतो, पेटी कोणती घ्यायची. बहीण घर सोडून कायमची चालली होती, आई अंथरुणाला खिळली होती, आणि मी धुळ्याच्या दुकानात स्टुलावर बसून दोन पेट्या आलटूनपालटून उघडून बघत होतो. आज आठवलं की स्वतःचीच चीड येते. तेव्हा मात्र मला वाटे, घरातले सगळे वाहवत चाललेत, निदान एकानं तरी शुद्धीवर राहून कामाचं बघावं.

आमचं घर जळगावचं. पणजोबा मारवाडातून आले, त्यांनी धान्याची आडत घातली, ती आजोबांनी आणि मग वडिलांनी चालवली. घरात आम्ही मारवाडी बोलत असू. इथं सगळं मराठीतच लिहितो. मला आडतीत काडीचा रस नव्हता. रेडिओचा डिप्लोमा करून मी धुळ्याला भागीदारीत दुकान टाकलं होतं, रेडिओ दुरुस्तीचं आणि लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं. भागीदार माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, शिंदखेड्याकडच्या शेतकरी घरातले. शाळा चौथीपर्यंत, पण बंद रेडिओला कान लावून नेमकं काय जळलंय ते सांगायचे. मी त्यांना नाना म्हणे, आणि ते मला चिडवायला शेठ म्हणत.

दीक्षा माघात ठरली होती. जळगावात आमच्या घरासमोरच्या मैदानावर मांडव पडणार होता. खानदेशातून आणि मारवाडातून माणसं येणार, मांडवात निम्मीसुद्धा मावणार नाहीत हे उघड होतं. आवाज पोचवायची सोय नव्हती. आमच्या जैन संप्रदायातले साधू-साध्वी माइकवर बोलत नाहीत. विजेत जीव असतात, तिच्या वापरानं त्यांची हिंसा होते असं ते मानतात. मी जन्मभर लाउडस्पीकर भाड्यानं दिले आणि माझ्या घरच्या सर्वांत मोठ्या समारंभाला एक कर्णा लावता येणार नव्हता. नाना यावर दोन दिवस हसत होते.

मग वडिलांच्या डोक्यात टीव्ही आला. मुंबईला नातेवाइकांकडे त्यांनी तो पाहिला होता. जळगावात तेव्हा टीव्हीचा पत्ता नव्हता. त्यांनी धुळ्याला येऊन, चहाला हातही न लावता सांगितलं, "समारंभ चालू असताना त्याच वेळी बाहेरच्या लोकांना तो दिसला पाहिजे. तू एवढं शिकलास, एवढं कर."

असं होऊ शकतं हे मला माहीत होतं. मुंबईची एक कंपनी कारखान्यांना कॅमेरे पुरवायची आणि भाड्यानंही द्यायची. कॅमेऱ्यातून वायर काढायची, ती टीव्हीला जोडायची, की मांडवातलं चित्र बाहेर दिसणार. अडचण होती ती कॅमेरे एकाहून जास्त असले की. मग मधे एक पेटी लागते, तिला स्विचर म्हणतात. सगळ्या कॅमेऱ्यांच्या वायरी पेटीत येतात, बटण दाबाल त्या कॅमेऱ्याचं चित्र पुढे टीव्हीवर जातं. लोकांनी काय पाहायचं हे त्या पेटीवर बसलेला माणूस ठरवतो.

आधी आमच्या जैन संघाची परवानगी हवी होती. मी वडिलांबरोबर स्थानकात, म्हणजे साधू उतरतात त्या वास्तूत गेलो. महाराज ऐंशीच्या घरातले, शांत माणूस. वडिलांचं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुलगी गृहस्थ वेशात आहे तोवर ती तुमची. तुमच्या मुलीचं तुम्ही काय करायचं ते करा. वेश बदलून ती परत मांडवात आली की ती तुमची नाही. त्या क्षणापासून यंत्रात काही दिसता कामा नये." संघाच्या अध्यक्षांनी बाहेर येऊन तेच मला बजावलं. पांढऱ्या कपड्यांत ती दिसली की टीव्ही काळा झाला पाहिजे, एक सेकंदही इकडे-तिकडे चालणार नाही. मी मान डोलावली. माझ्या मनात तेव्हा बहीण नव्हती. काळं कसं करायचं याचा विचार चालला होता.

नानांनी ऐकलं आणि आठ दिवसांत एक पेटी बनवली. पत्र्याचा डबा, त्याला तीन बटणं, तीन कॅमेऱ्यांची सोय. कंपनीनं कॅमेरे चाचणीसाठी पाठवले तेव्हा आम्ही ती लावून पाहिली. एका बटणावरून दुसऱ्यावर गेलं की चित्र दोन-तीन वेळा खालून वर लोळायचं आणि मग कुठं स्थिर व्हायचं. दोन ढोलकीवाले एकाच वेळी सुरू झाले नाहीत तर ठेका जमायला जसा वेळ लागतो, तसंच ते. सगळ्या कॅमेऱ्यांना एक ठेका देणारी वस्तू नानांच्या डब्यात नव्हती. काळं करायचं बटणही नव्हतं.

कंपनीच्या माणसानं आणलेल्या दुसऱ्या पेटीत दोन्ही होतं. बटण दाबलं की चित्र पापणी लवावी तसं बदलायचं, आणि कडेच्या एका बटणानं पडदा पूर्ण काळा व्हायचा. पण ती पेटी दोनच कॅमेरे घ्यायची. तीन घेणारी मोठी पेटी मुंबईत दुसरीकडे लागली होती, ती माघात मिळणार नव्हती.

"मनी पेटीले तीन डोया शेतस," नाना म्हणाले, "त्या मुंबईनी पेटीले दोनच. चित्र थोडं लोळी तं लोळू द्या, शेठ. माणूस जोडेथीन दिसाले जोयजे." माणूस जवळून दिसायला हवा, असं त्यांचं म्हणणं.

"आणि काळं कसं करायचं?"

"वायर उपटी का व्हयनं!"

मी वैतागलो. जळगावात पहिल्यांदा टीव्ही दिसणार, बाहेर हजार माणसं तोंडं वर करून बसणार, आणि चित्र पडद्यावर कोलांट्या मारणार? वायर उपटली की पडद्यावर मुंग्या नाचणार, अध्यक्ष माझ्या अंगावर धावून येणार? मी नानांना म्हटलं, हे काही पोळ्याचे बैल नाहीत, मिरवले काय आणि उधळले काय. नानांनी डबा उचलला, फडक्यानं पुसला आणि फळीवर ठेवून दिला. ते पुन्हा त्यावर बोलले नाहीत. मी मुंबईची पेटी ठरवली. तिसरा कॅमेरा साध्वींच्या बाजूला, अगदी जवळ ठेवायचा नानांचा विचार होता, तो मी कागदावरून खोडला. एक कॅमेरा घराच्या गच्चीवर मैदान दाखवायला, दुसरा मांडवाच्या मधल्या खांबापाशी. पुरे झालं, असं मीच मला सांगितलं.

पेटी घेऊन धुळ्याहून निघालो. पारोळ्याच्या स्टँडवर बस बराच वेळ थांबली तरी खाली उतरलो नाही, पेटी मांडीवरच होती. जळगावला पोचलो तर घर पाहुण्यांनी फुललेलं. आई पुढच्या खोलीत, खिडकीला लागून असलेल्या खाटेवर. वर्षापूर्वी तिची उजवी बाजू गेली होती. बोलणं हळू झालं होतं, पण स्पष्ट होतं. तिला आम्ही सगळी भावंडं बाई म्हणत असू.

"मला खुर्चीत घालून मांडवात न्याल ना?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, नेऊ की. मैदान समोरच, शंभर पावलं. चार माणसं खुर्ची सहज उचलतील. मी वडिलांना तसं सांगायला गेलो तेव्हा त्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन दार लोटलं.

"तिला न्यायचं नाही," ते म्हणाले. "म्हणून तर तो टीव्ही."

मला समजेना. मग त्यांनी समजावलं. दीक्षेच्या आधी महाराज सगळ्यांसमोर आई-वडिलांना विचारतात, तुमची आज्ञा आहे ना? आज्ञा नसेल तर दीक्षा होत नाही. आज्ञापत्रावर आईनं डाव्या हातानं सही केली होती, पण ती केल्यापासून ती धड जेवत नव्हती. मांडवात भरल्या सभेत ती हंबरडा फोडेल, नाही म्हणेल, आणि मुहूर्तावर सगळं थांबेल, अशी वडिलांना धास्ती होती. "मुलीनं चार वर्षं वाट पाहिली आहे. तिची तयारी पक्की आहे. बाईच्या एका हुंदक्यानं तिचं सगळं जाईल. बाई घरी बसून पाहील. दोघांच्या वतीनं मी उत्तर देईन."

म्हणजे बाहेरची गर्दी हे निमित्त होतं. चित्र मांडवातून घरात येणार होतं; घरातून मांडवात काहीही जाणार नव्हतं. मी महिनाभर घासूनपुसून जी वस्तू निवडली ती माझ्या आईला गप्प बसवायला होती. तेव्हा भांडायला हवं होतं. मी एवढंच म्हणालो, "मग पेटी बाईच्या खोलीतच ठेवतो. तिथं वीज नीट आहे." वडिलांना हायसं वाटलं. आईला मी सांगितलं की डॉक्टर नको म्हणालेत. डॉक्टरांना कुणी विचारलंही नव्हतं.

आदल्या दिवशी वायरी खिडकीतून आत घेतल्या, आईच्या खाटेजवळ टेबलावर पेटी आणि टीव्ही मांडला. कंपनीचे दोघं कॅमेऱ्यांवर राहणार होते, नाना कंपनीनंच दिलेले बाहेरचे सहा टीव्ही सांभाळणार होते. चाचणी चालू असताना बहीण आली. हातांना मेंदी, अंगावर आईचे दागिने. ती बावीस वर्षांची होती. तिच्या निर्णयावरून मी तिच्याशी इतका भांडलो होतो की आम्ही चार महिने धड बोललो नव्हतो. तिनं पडद्यावर मैदान पाहिलं, पेटी पाहिली.

"हे बटण कशाचं?"

"काळं करायचं."

तिनं ते दाबलं. मैदान गेलं. परत मांडवाचं बटण दाबलं, रिकामा मांडव आला. हे तिनं दोनदा केलं आणि हसली. लहानपणी मी रेडिओ उघडून बसलो की ती अशीच येऊन नसती बटणं दाबायची आणि मी तिच्या डोक्यात टपली मारायचो. त्या दिवशी मारली नाही. आता वाटतं, मारायला हवी होती.

मग आईला झोप लागलीय हे पाहून ती हळूच म्हणाली, "दादा, मी वेश बदलून आले की लगेच काळं कर हं. संघासाठी नाही सांगत. केस गेलेले बाईला बघवणार नाहीत. शेवटचं तिनं मला अशी बघू दे." तिनं हात पुढे करून बांगड्या वाजवल्या.

मी बरं म्हटलं. खरं म्हणजे मला विचारायचं होतं, तुला जायचंच आहे का? पण चार महिने मी तेच विचारून तिला छळलं होतं, आणि दर वेळी ती हो म्हणाली होती.

दीक्षेच्या सकाळी वरघोडा निघाला, म्हणजे तिची मिरवणूक. ती उघड्या गाडीत उभी राहून दोन्ही हातांनी तांदूळ आणि कपडे उधळत होती. घरचं सगळं लोकांत वाटून जायचं असतं. गच्चीवरच्या कॅमेऱ्यातून ते सुंदर दिसलं. बाहेर टीव्हीपुढे बायका ओरडत होत्या, पोरं पडद्यामागे जाऊन गाडी शोधत होती. चित्र एकदाही लोळलं नाही. मी गच्चीवरून मांडवावर, मांडवावरून गच्चीवर, असा बटणं दाबत होतो आणि खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. आई उशाला टेकून पाहत होती. "केवढी हसतेय," ती म्हणाली.

मांडवात ती महाराजांसमोर उभी राहिली. आवाज नव्हता, नुसते हलणारे ओठ. सगळे साधू तोंडावर पांढऱ्या कापडाची मुहपत्ती बांधलेले, त्यामुळे कोण बोलतंय तेही कळत नव्हतं. मग वडील उठले. महाराजांनी काहीतरी विचारलं. वडिलांनी हात जोडले, मान खाली घातली आणि तसेच उभे राहिले. मांडवात हात वर झाले, जयजयकार झाला असणार. तो खिडकीतून आमच्यापर्यंत आला, चित्रापेक्षा किंचित उशिरा.

"हे काय विचारलं?" आईनं मला विचारलं.

मी बटणांकडे बघू लागलो.

"आज्ञा विचारली ना?"

"हो."

"मला विचारलंच नाही," ती म्हणाली.

ती रडली नाही, ओरडली नाही. वडिलांना ज्याची धास्ती होती त्यातलं काही तिनं केलं नाही. मांडवात नेली असती तर ती काय म्हणाली असती हे मला आजही ठाऊक नाही. कदाचित हो म्हणाली असती आणि मुलीच्या डोक्यावर डावा हात ठेवला असता. मांडव शंभर पावलांवर होता, तिकडे आता मुहूर्ताची घाई होती, मी धावत जाऊन सांगू शकलो असतो, थांबा, बाईला विचारायचं राहिलंय. पण पेटीवर मी एकटा होतो. मी उठलो तर चित्र एकाच कॅमेऱ्यावर अडलं असतं. खरंच, हेच माझ्या मनात आलं. मी बटणावर बोट ठेवून बसून राहिलो.

बहीण वेश बदलायला गेली. बराच वेळ मांडवात फक्त गर्दी दिसत होती. मी मधूनमधून गच्चीवरचं चित्र देत होतो.

"ती आली की दाखव मला," आई म्हणाली.

"बाई, आता दाखवता येत नाही. संघाला शब्द दिलाय."

"बाहेरच्यांना नको दाखवू. मला दाखव."

"तसं करता येत नाही. एकच चित्र सगळीकडे जातं."

"एकदा," ती म्हणाली. "मला विचारलं नाही. निदान बघू तरी दे."

मी उठलो, खिडकीतून नानांना हाक मारली आणि बाहेरचे सगळे टीव्ही बंद करायला सांगितलं. नानांनी का म्हणून विचारलं नाही. माझा चेहरा पाहिला आणि एकेक करून सहाही टीव्ही बंद केले. बायकांनी गलका केला. आता चित्र फक्त आईच्या खोलीत येणार होतं. संघाला दिलेला शब्द मोडणार होतो, बहिणीला दिलेलाही. पण महिनाभरात पहिल्यांदा मी काहीतरी बरोबर करतोय असं मला वाटलं.

मांडवाच्या कडेचा पडदा सरला. पांढऱ्या कपड्यांतल्या साध्वी एकामागून एक आत आल्या, दहा-बारा असतील. सगळ्यांच्या डोक्यावर पांढरा पदर, तोंडावर मुहपत्ती, काखेत लोकरीचा झाडूसारखा ओघा. दुपारचं ऊन मांडवाच्या फटीतून त्या कपड्यांवर पडत होतं, आणि तसले कॅमेरे पांढऱ्यावर ऊन पडलं की गोंधळतात. कपडे भडक पेटल्यागत दिसत होते आणि चेहरे काळे पडले होते. कॅमेरा खांबापाशी, लांब. मी पडद्याजवळ तोंड नेलं. चालण्यावरून ओळखायचा प्रयत्न केला. त्या सगळ्या सारख्याच चालत होत्या, खाली बघून, हळू. त्या ओळीनं बसल्या, आणि नाना ज्या जागी तिसरा कॅमेरा ठेवा म्हणाले होते, नेमक्या तिच्यासमोर बसल्या.

आईनं डाव्या कोपरावर जोर देऊन अंग उचललं. तिनं पडदा या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिला, मग परत पहिल्यापासून.

"यातली आपली कोणती?" तिनं विचारलं.

मी तिचा सख्खा भाऊ. तिला कडेवर घेऊन मेहरूणच्या तलावावर नेलेला. मी ओळीतली एकेक आकृती पाहिली आणि मला कळेना.

आई वाट पाहत होती. मी पडद्यावर बोट ठेवलं. डावीकडून चौथी. का चौथी, सांगता येणार नाही, तिची मान जरा वर होती एवढंच.

आई त्या चौथीकडे बघत राहिली. खूप वेळ बघितलं. मग तिनं डावा हात उचलला, काचेपर्यंत पोचत नव्हता तरी लांब केला आणि म्हणाली, "किती वाळली गं."